प्रयोगशाळेचा कौल

खुनाचा खटला उभा राहिला म्हणजे आमच्या सुशिक्षित वर्गात हल्ली एक प्रश्न सर्वांच्या आधी विचारला जातो: ‘फॉरेन्सिकचा रिपोर्ट काय आला?’ साक्षीदार फितूर होतात, पंच ऐनवेळी शब्द फिरवतात, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तर कायदा पुराव्यात धरीतच नाही. तेव्हा ज्याला कोणी धमकावू शकत नाही आणि कोणी विकत घेऊ शकत नाही असा एकच साक्षीदार शिल्लक उरला आहे, व तो म्हणजे प्रयोगशाळेतील परीक्षानळी, अशी समजूत दृढ होत चालली आहे. पूर्वी गावात चोरी झाली की लोक देवाला कौल लावीत आणि उजवे फूल पडले की डावे, एवढेच पाहून घरी परतत. देवाला उलटप्रश्न विचारण्याची सोय नसे. प्रयोगशाळेच्या अहवालाकडे पाहण्याची आमची वृत्ती याहून फारशी वेगळी राहिलेली नाही, आणि ही गोष्ट ज्याच्या गळ्यापर्यंत फाशीचा दोर येऊ शकतो त्याच्या दृष्टीने जितकी गंभीर आहे तितकीच ज्याच्या घरचे माणूस मारले गेले त्याच्याही दृष्टीने आहे.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. ज्या गुन्ह्यांना सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा सांगितली आहे, त्या प्रत्येक गुन्ह्याच्या जागी न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने स्वतः जाऊन पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रीकरण व्हावे, असा दंडक या संहितेच्या १७६व्या कलमाने घातला आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. फिरत्या प्रयोगशाळांच्या मोटारी महाराष्ट्रातही आल्या आहेत. या सुधारणेचे आम्ही स्वागतच करतो. मुद्देमाल हवालदाराच्या सायकलीला बांधून नेण्याचे दिवस संपले तर कोणाला दुःख होणार आहे? परंतु याच संहितेच्या ३२९व्या कलमाने एक जुनी सोयही जशीच्या तशी पुढे चालविली आहे. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्या तज्ज्ञाला साक्षीसाठी न बोलावताच पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला वाटले तर त्याने बोलवावे. म्हणजे प्रयोगशाळेचा शब्द खटल्यात अधिकाधिक ठिकाणी ऐकू येणार, पण तो उच्चारणारा माणूस पिंजऱ्यात दिसेलच असे नाही. वजन वाढत असताना तराजूची तपासणी मात्र ऐच्छिक ठेवावी, तसे हे झाले.

आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. संस्कृत आणि इतिहास शिकवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याने विषांच्या परीक्षेवर अधिकारवाणीने बोलू नये. परंतु न्यायासनावर बसणारे गृहस्थही बहुधा आमच्यासारखेच असतात, आणि प्रश्न नेमका तोच आहे: ज्याला शास्त्र अवगत नाही त्याने शास्त्रज्ञाच्या शब्दाचे मोल कसे करावे? यासाठी तीन खटले डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे होईल. तिन्हींत विषप्रयोगाचा आरोप होता आणि तिन्ही पुण्याच्या सत्र न्यायालयात चालले. हा निव्वळ योगायोग आहे. पुणेकर वाचकांनी राग मानू नये.

पहिला खटला ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन, विधवा आणि मधुमेहाने आजारी असलेल्या बाई १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री आपल्या डॉक्टरांबरोबर पुण्याहून आगगाडीने मुंबईस निघाल्या. मुंबईतील एका तज्ज्ञ वैद्याला प्रकृती दाखवावयाची होती. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, पण खऱ्या नावाने नव्हे. माहेरच्या नावात फेरफार करून एक भलतेच नाव त्यांनी कागदावर लिहविले. त्याच दिवशी दुपारच्या आत शुद्धीवर न येताच बाईंचा अंत झाला. प्रेत ताब्यात घ्यायला कोणी आले नाही. बेवारशी म्हणून ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे विच्छेदनासाठी गेले, तेथे गळ्यावरची एक खूण कोणाच्या तरी डोळ्यांत भरली आणि अखेरीस मृत्यूनंतर दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, शवचिकित्सा झाली. आतडी व इतर अवयव रासायनिक विश्लेषकाकडे गेले. उत्तर आले: विष आढळले नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नातलगांना त्यांच्याच नावाने पत्रे येत राहिली. आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत, आपण पुन्हा विवाह केला आहे, कोणी काळजी करू नये. दरम्यान बाईंचे पैसे आणि शेअर डॉक्टरांच्या हाती जात होते. पुढे सारे उघडकीस आले, आरोपी पकडला गेला आणि सत्र न्यायालयाने त्यास देहान्ताची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयापुढे बचावाचा मुद्दा असा होता, आणि वरवर पाहता तो बिनतोड होता, की ज्या प्रेतात विषच सापडले नाही त्या माणसाला विष घालून मारले असे म्हणता तरी कसे येईल? डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. अनेक विषे अशी असतात की ती शरीरात खूण ठेवीत नाहीत. शिवाय आरोपी स्वतः वैद्य, आणि प्रेत दहा दिवस पडून राहिलेले. अशा वेळी विष सापडलेच पाहिजे असा हट्ट धरला तर चतुर मारेकऱ्याला अभयदानच दिल्यासारखे होईल. खोटे नाव, बेवारशी सोडलेले प्रेत, मेलेल्या बाईच्या नावाने लिहिलेली पत्रे, लुबाडलेली संपत्ती, या सर्वांचा अर्थ एकत्र लावावा लागेल. रुग्णालयाच्या कागदांवर मधुमेहाच्या बेशुद्धीचे निदान होते, ते न्यायालयाला टिकणारे वाटले नाही. शिक्षा कायम झाली.

शाळेत असताना आम्ही एखाद्या मुलाला कपाटातला नकाशा आणावयास पाठवीत असू. पुष्कळदा तो हात हलवीत परत येई आणि ‘कपाटात नकाशा नाही’ असे सांगे. आम्ही त्याला ‘नाही’ या शब्दाऐवजी ‘मला सापडला नाही’ असे म्हणावयास लावीत असू. दुसरा मुलगा गेला की नकाशा मिळे. क्वचित खरोखरच नसे. रासायनिक विश्लेषकाच्या ‘आढळले नाही’ या शब्दांत आणि ‘नव्हते’ या शब्दात हेच अंतर आहे. विश्लेषक आपल्या यादीतील विषे शोधतो, त्याच्यापाशी असलेल्या रीतींनी शोधतो, आणि बाटलीत जे अवयव आले असतील त्यांतच शोधतो. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूला सहा महिने होत नाहीत तोच, मे १९५७ मध्ये, इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे केनेथ बार्लो नावाच्या परिचारकाची बायको न्हाणीच्या टबात मृत सापडली. नेहमीच्या तपासणीत काहीच निघेना. तेव्हा तज्ज्ञांनी भिंग घेऊन तिच्या अंगाचा तसू न् तसू पाहिला, सुईच्या बारीक खुणा सापडल्या, तेथील मांस काढून त्याचा अर्क उंदरांना टोचला आणि ती बाई इन्सुलिनने मारली गेली हे दाखवून दिले. इन्सुलिन टोचून केलेला खून न्यायालयात शाबीत झाला तो प्रथम तेथे. भिंग हाती घेण्याचा कंटाळा कोणी केला असता तर त्या अहवालावरही ‘आढळले नाही’ एवढेच उमटले असते.

लागू खटल्याचा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे. तथापि हेही सांगितले पाहिजे की त्रिसदस्य पीठातील न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदविले होते. आरोपीची लबाडी कितीही उघड असली तरी मृत्यू मुळात अनैसर्गिक होता हे सिद्ध झाले पाहिजे, आणि ते त्यांच्या मते झाले नव्हते. लबाड माणूस खुनीच असतो असे नाही. एका माणसाला फाशी द्यावी की नाही यावर देशातील सर्वोच्च न्यायपीठ दुभंगले ही गोष्ट विसरून हा खटला केवळ ‘विष न सापडताही शिक्षा’ अशा एका ओळीत पाठ करणारे विद्यार्थी त्यातला अर्धा धडा गमावतात.

दुसरा खटला याच्या अगदी उलट जातीचा आहे. जून १९८२ मध्ये पुण्यातील एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. येथे प्रयोगशाळेने कसलीही कसूर ठेवली नाही: व्हिसेऱ्यात पोटॅशियम सायनाइड मिळाले. मृत्यूचे कारण निर्विवाद ठरले. पतीवर खुनाचा आरोप आला, सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १९८४ च्या जुलैमध्ये ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कारण सायनाइड पोटात होते हे सांगणारा अहवाल ते पोटात कसे गेले हे सांगू शकत नव्हता. कोणी ते बळजबरीने वा फसवून दिले, की मनाने खचलेल्या त्या मुलीने ते स्वतः घेतले? तिची पत्रे न्यायालयापुढे होती आणि त्यांतून तिची व्यथा उमटत होती. सायनाइड आरोपीपाशी होते हे सिद्ध झालेले नव्हते आणि आत्महत्येची शक्यता पुसून टाकता येत नव्हती. याच निर्णयात न्या. फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली व त्यांना ‘पंचशील’ असे आपल्या मातीतले नाव दिले. त्यांतले पहिलेच तत्त्व असे की परिस्थिती पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे. ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांच्यामधली वाट लांबची आहे, आणि हे महाराष्ट्रातल्याच बोबडे खटल्यात १९७३ मध्ये सांगून झाले होते.

एका खटल्यात विष सापडले नाही आणि शिक्षा झाली. दुसऱ्यात विष सापडले आणि आरोपी सुटला. ज्यांना प्रयोगशाळेचा कागद म्हणजेच निकाल वाटतो त्यांना हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतील. वस्तुतः दोन्हींत न्यायालयाने एकच गोष्ट केली. अहवाल जेवढे सांगतो तेवढेच त्याच्याकडून ऐकून घेतले आणि जे तो सांगत नाही ते त्याच्या तोंडी घातले नाही. साक्षीच्या कायद्यातला मूळ शब्दच पाहा ना. १८७२ च्या अधिनियमाचे ४५वे कलम आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ३९वे कलम तज्ज्ञाच्या ‘मता’विषयी बोलते. मताला कारणे असावी लागतात.

तिसऱ्या खटल्यात हे भान सुटले. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुण स्त्रीला, तिच्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून सोमल दिल्याच्या आरोपावरून, जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तिच्या जोडीदारालाही शिक्षा झाली. सोमल हे सर्वांत जुने आणि आज सर्वांत सहज सापडणारे विष. तेव्हा विषाचा प्रश्न नव्हता. ते कोणी दिले हा होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आरोपीच्या डोक्याला विद्युत्‌-अग्रे लावली गेली आणि ती मुकाट बसली असता तिला काही वाक्ये ऐकविली गेली. ‘मी सोमल विकत घेतला’, ‘मी भेटायला गेले’, अशा धर्तीची ही वाक्ये असतात. मेंदूत उठणाऱ्या लहरींवरून त्या अनुभवाची स्मृती आहे की नाही हे यंत्र ओळखते, असा या पद्धतीचा दावा होता. न्यायालयाने इतर पुराव्याबरोबर या यंत्राचाही कौल ग्राह्य धरला. जगभरचे मेंदूशास्त्रज्ञ चकित झाले, कारण ही पद्धत स्वतंत्र संशोधकांनी पडताळून पाहिलेलीच नव्हती. ज्याने खून केला त्याची स्मृती आणि ज्याने त्या खुनाबद्दल पोलिसांकडून दहादा ऐकले त्याची स्मृती यांत यंत्र फरक कसा करते, या साध्या प्रश्नालाही समाधानकारक उत्तर नव्हते. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने ही परीक्षा शास्त्रीय म्हणता येत नाही असा अभिप्राय दिला. पुढे उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन मंजूर केला, आणि ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्कोचाचणी, असत्यशोधन व मेंदूपरीक्षा या तिन्ही गोष्टी संमतीवाचून करणे घटनाबाह्य ठरविले. आरोपी दोषी होती की निर्दोष यावर आम्ही येथे काही म्हणत नाही. परंतु पंधरा शतके न्यायशास्त्र ज्या भूमीत घोटले गेले तेथे यंत्राच्या मौनलहरींनी माणसाचे मन वाचता येते यावर जन्मठेपेचा थोडा तरी भार टाकला जावा, ही गोष्ट मनाला लागून राहते.

आणि हे आमच्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्ये न्यायवैज्ञानिक परीक्षांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष असा निघाला की पेशीकेंद्रातील डीएनएची परीक्षा सोडली तर इतर कोणतीही रीत, हाती आलेली वस्तू अमुकच एका व्यक्तीची आहे हे सातत्याने आणि खात्रीने सांगण्याच्या कसोटीला कडकपणे उतरलेली नाही. दातांच्या खुणा, केसांची तुलना, हस्ताक्षर, सारेच त्यात आले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने स्वतःच्याच केसतज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा तपासलेल्या खटल्यांपैकी ज्यांत या तज्ज्ञांनी आरोपीविरुद्ध साक्ष दिली होती त्यांतल्या दर शंभरांमागे नव्वदांहून अधिक खटल्यांत चुकीची विधाने आढळली. २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले तेव्हा याच यंत्रणेच्या तज्ज्ञांनी एका अमेरिकन वकिलाच्या बोटाचा ठसा शंभर टक्के जुळला म्हणून त्याला तुरुंगात टाकले. स्पेनच्या पोलिसांना त्या ठशाचा खरा धनी, एक अल्जेरियन इसम, सापडला म्हणून तो सुटला.

बोटाच्या ठशांचे शास्त्र तर एका अर्थाने आपलेच. ठशांची नोंद ठेवणारी जगातली पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यास निघाली आणि ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि पेटीतील पैसे चोरीस गेले. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग होते. त्यावर तांबूस डागांत अंगठ्याची अर्धवट निशाणी उमटली होती. ती पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या त्याच्याच एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळली. न्यायालयाने काय करावे? त्याने चोरीबद्दल शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून मुक्त केले. ठसा सांगत होता की या माणसाचा हात या कागदाला लागला. गळ्यावर सुरी कोणी फिरविली हे पाहणारे कोणी नव्हते. तो निर्णय काहींना अतिसावध वाटेल. आम्हाला मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशाविषयी आणि त्याच्या असेसरांविषयी आदर वाटतो. नव्या शास्त्राचा एवढा गाजावाजा चालू असताना त्यांनी ते मानले, पण त्याच्या मापाबाहेर नेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो अनाठायी नाही. अशा शंका काढीत बसलो तर खुनी सुटतील. आधीच शिक्षेचे प्रमाण ते काय! या आक्षेपाला उत्तर म्हणून दिल्लीच्या छावला भागातील प्रकरण आठवावे. २०१२ च्या फेब्रुवारीत एका एकोणीस वर्षांच्या मुलीला पळवून, तिच्यावर अनन्वित अत्याचार करून तिला मारण्यात आले. तिघांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. डीएनएचा अहवाल आरोपींच्या विरुद्ध होता. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. आरोपींचे व मृत मुलीचे नमुने प्रयोगशाळेत जाण्याआधी काही दिवस पोलिसांच्या मालखान्यातच पडून होते. त्या काळात त्यांत ढवळाढवळ झाली नसेल याची खात्री देता येत नव्हती. शिवाय ज्या पायावर अहवालाचे निष्कर्ष उभे होते तो पाया, आणि तज्ज्ञाने शास्त्रीय रीती नीट वापरल्या की नाही हे, खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नव्हते. निकाल ऐकून त्या मुलीचे आईवडील कोलमडून गेले. हा दोष शंका घेणाऱ्यांचा, की मालखान्यात नमुने पडू देणाऱ्यांचा? शंका दहा वर्षांपूर्वी, सत्र न्यायालयातच विचारली गेली असती तर कदाचित चुकीची दुरुस्ती होण्यास अवसर मिळाला असता. निष्काळजी पुराव्याने निरपराध माणूस अडकतो तसाच अपराधीही निसटतो, आणि कोणता प्रकार घडला हे मग कधीच कळत नाही. त्या आईवडिलांना आज कोणीही ते सांगू शकणार नाही.

डीएनएच्या शास्त्रावर आमचा अविश्वास नाही. किंबहुना निरपराध्यांना तुरुंगातून सोडविण्याचे पुण्यही याच शास्त्राच्या पदरी पुष्कळ आहे. पण ते शास्त्र सुरू होते ते मोहोरबंद पाकीट फोडल्यानंतर. पाकिटात जे आले ते कोठून आले, कोणी उचलले, हातमोजे होते काय, मोहोर कोणाची, नोंदवहीत वेळ पडली आहे काय, मध्ये शनिवार-रविवार आला तेव्हा ते कोणत्या कपाटात होते, हे प्रश्न कोणत्याही यंत्राला सोडविता येत नाहीत; ते पंचनाम्यात सुटावयाचे असतात. आणि आमच्या पंचनाम्यांची अवस्था वकील मंडळींना आम्ही सांगावयास नको. ठरावीक शब्द, ठरावीक वाक्ये. मयताचे नाव बदलले की पंचनामा नवा.

दुसरी गोष्ट अहवालांच्या त्रोटकपणाची. कित्येक अहवालांत वस्तूंची यादी असते, तिच्यापुढे ‘मानवी रक्त’, ‘जुळते’, ‘आढळले नाही’ असे दोन-दोन शब्द असतात आणि खाली सही. कोणती परीक्षा केली, किती वेळा केली, चूक होण्याचा संभव किती, नमुना किती उरला, यांचा पत्ता नसतो. गणिताच्या पेपरात कृती न दाखविता नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आमच्या शाळेत गणिताचे मास्तर निम्मेच गुण देत असत, उत्तर बरोबर असले तरीही. शेजाऱ्याच्या वहीतून आले नसेल कशावरून, असे ते म्हणत. सरकारी प्रयोगशाळेला आपण इयत्ता सातवीच्या मुलापेक्षा सैल नियम लावावा याचे आश्चर्य वाटते.

तेव्हा कलम ३२९ ने न्यायालयाला जो अधिकार दिला आहे तो खुनाच्या खटल्यात तरी अपवादाने नव्हे तर नियमाने वापरला जावा. जेथे आरोपीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि अहवाल हा अभियोगाचा मुख्य आधार आहे, तेथे अहवाल लिहिणारा तज्ज्ञ पिंजऱ्यात उभा राहिलाच पाहिजे. तज्ज्ञांची संख्या अपुरी, जागा रिकाम्या, एकेका माणसाच्या टेबलावर नमुन्यांचे ढीग, त्याला गावोगावच्या न्यायालयांत पाठविले तर प्रयोगशाळा चालणार कशी, ही अडचण आम्हाला दिसते. परंतु आता दूरचित्रसंवादाची सोय जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. तज्ज्ञाने कलिन्याच्या प्रयोगशाळेत बसून गडचिरोलीच्या न्यायालयात साक्ष द्यावी. आरोपी गरीब असेल, आणि बहुधा तो असतोच, तर त्याच्या वकिलाला सल्ला देण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचा खर्च सरकारने सोसावा. वकील दिला आणि ज्या शास्त्रावर खटला उभा आहे ते समजावून सांगणारा दिला नाही, तर ती मदत अर्धीच. ज्याला विषाच्या परीक्षेतला ओ की ठो कळत नाही तो वकील ‘हा अहवाल खोटा आहे’ असे सुचवून खाली बसतो, तज्ज्ञ ‘हे म्हणणे खरे नाही’ असे उत्तर देतो, आणि याला उलटतपासणी म्हणण्याची आमच्याकडे पद्धत पडली आहे!

सर्वांत नाजूक प्रश्न अखेरीस. महाराष्ट्रातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय गृहखात्याच्या अखत्यारीत आहे, आणि पोलीस खातेही त्याच गृहखात्याचे. तेथील शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला तिळमात्र शंका घ्यावयाची नाही. अपुऱ्या साधनांनिशी आणि अपुऱ्या वेळात त्यांनी केलेले काम पुष्कळ आहे. पण ज्या खात्याने आरोप ठेवावयाचा त्याच खात्याच्या हाती त्या आरोपाची शास्त्रीय परीक्षा घेणाऱ्याच्या नेमणुका, बढत्या आणि खर्चाची तरतूद असावी, ही व्यवस्था ज्याच्यावर खटला चालला आहे त्याने निःपक्षपाती का मानावी? ती विधिखात्याकडे किंवा स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यास फार मोठी रक्कम लागणार नाही. नव्या संहितेने दिलेली पाच वर्षांची मुदत १ जुलै २०२९ रोजी संपते. मोटारी आल्या, यंत्रेही येतील. त्या मुदतीच्या आत प्रयोगशाळा गृहखात्यातून वेगळ्या करणार की नाही, आणि अहवालासोबत परीक्षेची संपूर्ण कृती आरोपीच्या वकिलाला देण्याचा नियम करणार की नाही, या दोन प्रश्नांचे उत्तर शासनाने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात द्यावे.